सुकाणूचा तरंगता गोळा

शाळेचा कारभार सुकाणू नावाचा यंत्रमानव पाहायचा. त्याच्या पडद्यावर सगळं हिरवंगार होतं, म्हणजे सगळी कामं झालेली. हजेरी हिरवी, खिचडी हिरवी, प्रयोगही हिरवे. मग विज्ञानाच्या ढवळेबाईंनी शाळा सोडायचा अर्ज का दिला? बिचारा पुरता चक्रावला होता.

शेवटी त्याने सातवीतल्या मृण्मयीला गाठलं. "बाई का चालल्यात, तुला माहीत आहे?"

मृण्मयीचे डोळे भरून आले. "त्या गेल्या तर आम्हाला प्रयोग कोण दाखवणार?"

"ते रोज होतात की. माझ्याकडे फोटो आहेत."

"नुसते फोटोच आहेत! काल बाईंनी पाण्याच्या ताटलीत मेणबत्ती पेटवली, की आला तुझा निरोप, फोटो पाठवा. मग हजेरी पाठवा. मग खिचडीचा फोटो. मेणबत्तीवर पेला पालथा घालायच्या आत तास संपला. आणि तू म्हणे प्रयोग झाला!"

गच्चीवरच्या टाकीत पडणारं पाणी तेवढ्यात थांबलं.

"टाकी भरली हे नळाला कसं कळतं रे?" मृण्मयीने डोळे पुसत विचारलं.

"आत तरंगता गोळा असतो. पाण्याबरोबर तो वर येतो आणि झडप (पाणी अडवणारं झाकण) बंद करतो. याला प्रत्याभरण म्हणतात (आपल्या कामाचा परिणाम आपल्याला परत कळणं आणि त्याप्रमाणे काम बदलणं)."

"मग तुझा गोळा कुठाय?"

सुकाणूने स्वतःची सगळी जोडणी तपासली. निरोप बाईंकडे जात होते. बाईंकडून त्याच्याकडे येणारी वाटच नव्हती. "मी नुसता ओतत राहिलो," तो हळूच म्हणाला.

तो तडक बाईंकडे गेला. "बाई, मी काय बंद करू?"

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं रे."

त्या दिवशी बाईंच्या फोनवर एक नवं बटण आलं. त्यावर लिहिलं होतं, 'पुरे'.

दुसऱ्या दिवशी मेणबत्ती पेटली आणि फोन वाजला. बाईंनी बटण दाबलं आणि पेला पालथा घातला. ज्योत विझली, पाणी सरसर पेल्यात चढलं. वर्ग ओरडलाच!

"का चढलं?" बाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला होता.

मागच्या बाकाजवळ एक धातूचा हात वर झाला. "बाई, अर्जाचं काय करू?"

"पुसून टाक," बाई हसल्या, "आणि खाली बस. तास चालू आहे."