बटण न दाबताच बंद होणारा टीव्ही

बूढापारा वस्तीतल्या शामरावांच्या दुकानात हल्ली दिवसाकाठी एखादा टीव्ही दुरुस्तीला आला तरी पुष्कळ म्हणायचं. शामरावांची नजर अधू झाल्यापासून दुकान त्यांची मुलगी नीलिमाच पाहायची. सकाळी घरचं, मग दिवसभर रेडिओ-मिक्सरच्या सोल्डरिंगचा धूर आणि गिऱ्हाइकांची घासाघीस. पोरगी पार पिचून गेली होती.

अशाच एका उकाड्याच्या संध्याकाळी यशदीप नावाचा तरुण स्कूटरला टीव्ही बांधून आला. रेल्वेच्या वॅगन-दुरुस्ती कारखान्यातून थेट, कॉलरवर ग्रीस, डोळ्यांत झोप. टीव्ही चालू होतो नि लगेच आपोआप बंद पडतो, म्हणाला. कुण्या मेकॅनिकने अख्खं बोर्डच बदलायला सांगितलं होतं.

नीलिमाने झाकण उघडून मधल्या काळ्या चिपवर बोट ठेवलं. ही घरची कारभारीण, तिने सांगितलं. हिला आधी स्वतःपुरते पाच व्होल्ट हवेत, वेळ मोजणाऱ्या क्रिस्टलचा ठेका हवा. मग ही रिमोटचं, बटणांचं ऐकते आणि बाकी टीव्हीला वीज देणाऱ्या मोठ्या सप्लायला जागं करते. यशदीपने सगळं मन लावून ऐकलं आणि भलतंच विचारलं.

"तुम्ही थकत नाही का हो?"

असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. टीव्ही ठेवून जा, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने बटणांच्या पट्टीची वायर काढून पाहिली, आणि टीव्ही सुखाने चालत राहिला. पट्टीतल्या एका बटणात ओल शिरली होती. कोणी हात न लावता चिपला वाटत होतं, कोणीतरी सारखं बंद कर म्हणतंय! नवं बटण बसवलं, काम संपलं. पण संध्याकाळी यशदीप दारात दिसला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अजून... चेक करून राहिली. झाला नाही."

बाई गं, गिऱ्हाइकाशी पहिल्यांदाच खोटं बोलली! मग तो रोज ड्यूटी सुटली की यायचा. चहा व्हायचा, बोलणं थोडंच. एकदा तो भिंतीला टेकून झोपी गेला. तिने पंखा हळूच त्याच्याकडे वळवला. टीव्ही गेला की हे संध्याकाळचं बसणंही जाणार, या धास्तीने तिचा जीव अर्धा व्हायचा.

शेवटी त्याची आई, कांताबाई, स्वतःच त्याच्यासोबत आल्या. एवढं काय बिघडलं आहे, ते त्यांना ऐकायचं होतं. बोर्ड गेलं म्हटलं असतं तर खपलं असतं. पण नीलिमाची जीभ रेटेना.

"बटणात ओल होती, काकू. दुसऱ्याच दिवशी ठीक झाला. मीच... दिला नाही."

"काहून?"

"यांचं येणं बंद झालं असतं."

कांताबाई लेकाकडे वळल्या. तो खाली मान घालून नीलिमाला म्हणाला, "मले माहीत होतं. तुम्ही चहा सांगायला गेल्या, तेव्हा मी रिमोट दाबून पाहिला होता. टीव्ही चालूच राहिला."

"अन् इकडे माह्या सिरियलींचा सत्यानाश," कांताबाई स्टुलावर टेकत म्हणाल्या. "पोट्टी, टीव्ही मले दे. पोट्टा तू ठेव."

इतक्या महिन्यांचा शीण नीलिमाच्या डोळ्यांतून एकदम वाहू लागला. यशदीपने तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"तू बस जरा," तो म्हणाला. "झाकण मी लावतो."