संयुक्त शीर्षाखालील माणसे

इसवी सन २०९१, माघ महिना. स्थळ, उत्तर सीमेवरील हिमनदीच्या पायथ्याचे संयुक्त मुख्यालय. युद्ध चालू होते, आणि वर कड्याखाली तिन्ही दलांची एक संमिश्र तुकडी गारठत होती.

त्या काळी सैनिक इंधन वाहून नेत नसत. कक्षेतील उपग्रह सूर्याची ऊर्जा सूक्ष्मलहरींच्या बारीक झोताने थेट प्रत्येकाच्या पोशाखावर पाठवी आणि पोशाख तापे. मात्र झोताचा खर्च कोणत्या दलाचा, हे ठरल्यावाचून उपग्रह झोत उघडत नसे; एकाचा निधी दुसऱ्याने उडवू नये म्हणून ही अट यंत्रातच घातलेली होती. या तुकडीची नोंद ‘संयुक्त’ या खर्चाच्या शीर्षाखाली होती. त्या शीर्षात तिन्ही दलांनी आपापला वाटा भरायचा होता, आणि प्रत्येक दल उरलेल्या दोघांनी आधी भरण्याची वाट पाहत होते.

ब्रिगेडियर इरावती सरनोबत यांनी तिन्ही वित्तशाखांना विनवले. तिन्हींचेही उत्तर सभ्य आणि एकसारखे होते. अखेर त्यांनी झोतयंत्रणेचे रचनाकार डॉ. उपासनी यांना विचारले, यंत्राला फसवता येईल का.

“नाही. पण माणूस मेला, की तो संयुक्त राहत नाही,” उपासनी म्हणाले. “मृतदेह मूळ दलाचा. तो उष्णतेवरून सापडावा म्हणून त्याच्या पोशाखावर झोत चालू ठेवतात, आणि तो खर्च मूळ दल विनातक्रार देतं.”

“म्हणजे मी त्यांना मृत घोषित करायचं?”

“कागदोपत्री.”

बिनतारी यंत्रावरून हे कळवले, तेव्हा तुकडीचे प्रमुख सुभेदार गुंजाळ दात वाजत असतानाही हसले. “घरी तेवढं कळवू नका, मॅडम. पोरगं विम्याच्या पैशांतून लगेच मोटारसायकल घेऊन बसेल.”

सरनोबतांनी घोषणा केली. झोत उघडला; बोटे हलू लागल्याचे वरून कळले. पण शिधा संपत आला होता. त्यांनी लगोलग सुटकेचे हेलिकॉप्टर मागितले. वित्त सल्लागार बेहरे यांनी नम्रपणे निदर्शनास आणले, की सुटका जिवंतांची होते. घोषणा मागे घेते, असे सरनोबत म्हणाल्या. उपासनींनी नकारार्थी मान हलवली: मागे घेतली, की तुकडी पुन्हा संयुक्त, झोत बंद, आणि हेलिकॉप्टरचा खर्चही त्याच रिकाम्या शीर्षावर.

“मग त्यांना खाली आणायचं तरी कधी?” सरनोबतांनी विचारले.

बेहरे म्हणाले, “मृतदेह युद्ध संपल्यावर आणतात.”