तिसरी रिंग

"ही कॅसेट चालत नाही. दुसरी द्या."

जयमालानं मान वर केली. काउंटरपलीकडे एक उंच, सडसडीत मुलगा उभा होता. खांद्याला औषधांच्या खोक्यांनी फुगलेली पिशवी, कपाळावर घाम, आणि चेहरा असा की मसोलीतल्या तमाम दुकानदारांनी मिळून त्यालाच फसवलंय.

"कुठून आलात?"

"तलासरीहून."

"एवढ्या लांब कॅसेट नेलीत आणि एक साधी फुंकर मारता आली नाही?"

तिनं कॅसेट हातात घेतली, उघडी बाजू ओठांजवळ नेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब फुंकर मारली आणि ती टीव्हीखालच्या व्हिडिओ गेममध्ये दाबली. मोटारींच्या शर्यतीची ती टिंग टिंग धून लगेच सुरू झाली.

"आता चालली," तो म्हणाला. "घरी गेल्यावर परत बंद पडेल."

"मग परत फुंकर मारा."

"माझी लागत नाही ना… म्हणजे, तुमची जशी लागते तशी—"

बोलून बसला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. जयमालाला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला असता, पण अंगात पंजाबी ड्रेस होता आणि ओढणी खुर्चीत अडकली होती.

हा देवेश. तलासरीच्या नाक्यावर त्याच्या वडिलांचं मेडिकल होतं, आणि दर गुरुवारी तो एसटीनं डहाणू रोडला येऊन औषधांचा माल घेऊन जायचा. जयमालाचे वडील, अण्णा, रेल्वेत पॉइंट्समन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी डहाणूतल्याच मसोलीत एसटीडी बूथ टाकला. एका बाजूला फोनची काचेची केबिन, दुसऱ्या बाजूला व्हिडिओ गेमच्या कॅसेटी भाड्यानं द्यायचं कपाट, आणि मधोमध बी.ए. झालेली, स्थळांची वाट बघायला बसवलेली जयमाला. तिला विचाराल तर ती कसलीच वाट बघत नव्हती. पण त्या गुरुवारनंतर ती पुढच्या गुरुवारची वाट बघू लागली, हे मात्र खरं.

कॅसेट दर आठवड्याला बिघडू लागली. अशी बिघडणारी कॅसेट साऱ्या डहाणूत दुसरी नसेल. देवेश यायचा, जयमाला फुंकर मारायची, मग 'चालते की नाही बघू' म्हणून दोघं एकेक रिमोट घेऊन शर्यत लावायची. ती जिंकायची. तो म्हणायचा, माझ्या रिमोटचं बटण अडकतं. ती रिमोट बदलून द्यायची आणि परत जिंकायची.

"घरी तर तू नसतेस," एकदा तो म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कुणालाच कळलं नव्हतं. "एकट्यानं कुणाशी हरायचं?"

"घरी फोन आहे ना?"

"आहे. पण एसटीडी लागतो. पप्पा बिल बघतात."

"उचललास तर लागतो," जयमाला म्हणाली. रोज त्या मीटरसमोर बसणारी मुलगी ती, हे तिच्याशिवाय कुणाला सुचणार! "नुसती रिंग गेली तर मीटर हलत नाही. उचलूच नको."

आता मुलं घरबसल्या परदेशातल्या मुलांशी खेळतात. कुठलं नेटवर्क फुकट, कुठल्याचे महिन्याला पैसे भरायचे. शहाण्णव साली डहाणूत हे कुणी ऐकलंही नव्हतं. पण या दोघांनी आपलं आपण एक नेटवर्क उभं केलं आणि त्यातलं फुकट काय, पैशाचं काय, तेही ठरवून टाकलं. रिंग फुकट, बोलणं पैशाचं.

दुपारी चारला अण्णा मागच्या खोलीत आडवे व्हायचे. बूथवर चिटपाखरू नसायचं. काचेच्या केबिनवर ऊन तापलेलं, बाहेर चिकूच्या पेट्या भरलेले टेम्पो उभे, आणि समुद्राकडून येणारा दमट वारा. जयमाला तलासरीचा नंबर फिरवायची आणि एक रिंग देऊन ठेवायची. एक रिंग म्हणजे सुरू कर. तिकडे देवेश, इकडे कपाटातली तशीच दुसरी कॅसेट लावून ती, तीच मोटार, तोच रस्ता. जो आधी पोचेल त्यानं एक रिंग द्यायची. हातातली गाडी अजून वळणावर असताना फोन खणाणला, की हरलो समजायचं. दोन रिंगा म्हणजे नाही, आज जमत नाही. तीन म्हणजे हो.

आणि कधीकधी असं व्हायचं की गाडी पोचताच ती धावत जाऊन नंबर फिरवायची, तर तिकडून टूं टूं टूं… एंगेज! म्हणजे तोही त्याच क्षणी तिचाच नंबर फिरवत होता. दोघं एकदमच पोचले होते. तो एंगेजचा आवाज ऐकत जयमाला रिसीव्हर कानाला तसाच धरून उभी राहायची. दुसरं कुणी तो आवाज ऐकून वैतागतं. ही लाजायची.

भांडणंही व्हायची. "काल दोन रिंगा का दिल्यास? मी गेम बंद केला." "मी एकच दिली." "दोन वाजल्या." "तुझं गणित कच्चं आहे." "आणि तुझं पक्कं?" "मी मोजून देते, समजलं?"

तिच्या वाढदिवसाला मात्र त्यानं पैसे भरून फोन केला. तलासरीच्या बाजारातल्या बूथवरून.

"बोल ना," ती म्हणाली.

"तू बोल."

"फोन तू केलास."

"हो… मला फक्त… तुझा श्वास ऐकू येतो गं यात."

"मीटर चालू आहे, देवेश."

"चालू दे."

चार मिनिटांचा फोन, त्यात बोलणं कसलं! तरी ते चार शब्द जयमालानं महिनाभर पुरवून पुरवून आठवले.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी तो आला तेव्हा अण्णा नेमके काउंटरवर होते. देवेशनं कॅसेटींच्या कपाटासमोर उभं राहून, नावं वाचतोय असं दाखवत, हळूच म्हटलं, "वापीचं एक स्थळ आलंय. औषधांचे मोठे होलसेलर आहेत. पप्पांनी रविवारी बोलणी ठेवलीत."

जयमालाच्या हातातली कॅसेट कपाटात जाईना. "मग?"

"मग काय मग? तुझं हो असेल तर त्याआधी घरी सांगतो. सरळ सांगतो. होईल ते होईल."

"देवेश, इथं—"

"इथं नको बोलू. शनिवारी चारला. तीन रिंगा आल्या तर मी पप्पांसमोर उभा राहतो. आणि रविवारी संध्याकाळी मी तुला फोन करतो. पैसे भरून."

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "काय हवंय त्यांना, जया?"

"शर्यतीचीच हवीय," जयमाला म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

शनिवारी तिनं नंबर फिरवला. एक. दोन. तिसरी कानात पूर्ण घुमू दिली आणि मगच रिसीव्हर ठेवला. आयुष्यातलं सगळ्यात मोठं 'हो' ती बोलली होती, आणि मीटरवर एक आकडा हलला नव्हता. तिला त्याचीच गंमत वाटली. येडीच ती.

रविवारी संध्याकाळी फोन आला नाही. जयमाला साडेनऊपर्यंत बूथवर बसून राहिली. गुरुवारी तो आला नाही. त्यापुढच्या गुरुवारी आला तो दिपक, देवेशचा मित्र, जीपवाला. त्यानं कॅसेट काउंटरवर ठेवली.

"देवेशनं पाठवलीय. आता माल मीच नेणार. त्याचा साखरपुडा झाला ना परवा, वापीला."

"काही… म्हणाला?"

दिपक रस्त्याकडे बघू लागला. "म्हणाला, तुमच्या दोनच रिंगा आल्या. तुमची मर्जी नव्हती, त्यात वाईट वाटून घेऊ नका म्हणाला."

दोन! जयमालाला ओरडून सांगावंसं वाटलं, की तीन दिल्या, मोजून तीन. दिपक गेल्यावर तिनं थेट तलासरीचा नंबर लावला आणि या वेळी ठेवला नाही. "हॅलो, कोण?" त्याच्या आईचा आवाज. मीटरचे लाल आकडे पळायला लागले. "हॅलो, कोण बोलतंय? अरे देवेश, बघ रे, कुणी बोलत नाही." जयमालानं फोन ठेवला. मशीननं पावती टर्रकन बाहेर टाकली. अण्णांनी ती उचलली, नंबर वाचला, मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काही न विचारता घडी करून खिशात घातली.

पुढचे महिने जयमालाचे कसे गेले, ते सांगण्यात अर्थ नाही. जेवायची, बोलायची, कॅसेटी द्यायची. शर्यतीची कॅसेट तेवढी कुणाला देत नसे. मनात एकच भुंगा होता, मी चुकले का? दुसऱ्या रिंगेनंतरच ठेवला का फोन? इतका कसा हात घाबरला?

श्रावणात वाऱ्यानं तारा तुटल्या आणि बूथ दोन दिवस मुका झाला. लाइनमन लाहू चिखले गावाकडची लाइन जोडून मग इकडे आला. वर चढून उतरला, रिसीव्हर कानाला लावला, कुठलातरी नंबर फिरवून ऐकत बसला.

"वाजतोय का तिकडे?" जयमालानं विचारलं.

"ताई, तिकडं वाजतोय का नाय ते तिकडच्यालाच ठावं," लाहू हसला. "आपल्या कानात वाजते ती इकडची रिंग. एक्सचेंज ऐकवतो आपल्याला. त्याच्या घरची घंटी वेगळी वाजते. इकडं तीन झाल्या म्हणून तिकडं तीनच होतील असं नसतं. कवा एक कमी, कवा एक जास्ती."

जयमाला स्टुलावर बसली. "म्हणजे… आपण तीन दिल्या, तर तिकडे दोनच वाजू शकतात?"

"वाजतात की. लोकांना म्हाईतच नाय."

तिला ती जुनी भांडणं आठवली. 'दोन वाजल्या.' 'मी एकच दिली.' दोघंही खरं बोलत होते! ती इतकी रडली की लाहू घाबरला, आणि अण्णांनी त्याला आग्रह करून चहा पाजला.

पण त्या रडण्यानं तिचं मन हलकं झालं. ती चुकली नव्हती. तोही चुकला नव्हता. तिची तिसरी रिंग डहाणू आणि तलासरीच्या मध्ये कुठंतरी तारेवर हरवली, एवढंच. नशीब म्हणायचं आणि सोडून द्यायचं. तिला झोप लागू लागली. ती आरशात बघून केस विंचरू लागली. चांगल्या माणसानं आपल्यावर प्रेम केलं होतं, हे तिला परत मिळालं होतं, आणि त्या जोरावर तिचे दिवस जाऊ लागले.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी तिला समोरच्या एसटी थांब्यावर देवेश दिसला. थोडा भरलेला, शर्टाची इस्त्री कडक. त्यानं बूथकडे पाठ केली होती. जयमाला क्षणभर थांबली आणि मग तिनंच हाक मारली.

"देवेश! गाडीला वेळ आहे. ये ना."

तो आला. काउंटरपाशी अवघडून उभा राहिला.

"कसं आहे… घरी सगळं?" तिनं विचारलं.

"बरं आहे."

"तुला एक सांगायचंय," जयमाला म्हणाली. "मनात ठेवू नकोस म्हणून सांगते. त्या शनिवारी मी तीन दिल्या होत्या."

त्यानं झटकन वर पाहिलं.

"तीन. पण तुझ्याकडे दोनच वाजल्या, त्यात तुझी काही चूक नाही. लाइनमननं सांगितलं मला, इकडची रिंग वेगळी असते आणि तिकडची वेगळी. आठवतं, आपण भांडायचो? उगाच रे! कुणाचाच दोष नव्हता. तुला वाटायला नको, की जयानं नाही म्हटलं… मी हो म्हटलं होतं." ती हसली. डोळ्यांत पाणी होतं, पण हसली. "एवढंच. आता सुखानं राहा."

त्यानं काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली होती. बाहेर तलासरीची एसटी येऊन लागली, कंडक्टरनं हाकारा केला, तरी तो हलला नाही.

"जया…" तो म्हणाला. "तीनच वाजल्या होत्या."

"काय?"

"मी फोनशेजारीच बसलो होतो. मोजल्या. तीनच. पप्पा समोर पेपर वाचत होते. म्हणाले, कुणाचा रे फोन? मी म्हटलं, राँग नंबर असेल. वापीवाले दुकानात भागीदारी देणार होते… पप्पांनी सगळं आधीच ठरवलं होतं. मला तोंड उघडायला नाही जमलं. मग दिपकला काहीतरी सांगायला हवं होतं…"

जयमाला त्याच्याकडे बघत राहिली. ज्या चांगल्या माणसाच्या जोरावर तिनं वर्ष काढलं, तो हाच का, हे ती शोधत होती.

"मग आज का सांगितलंस?"

"तू मला इतकं चांगलं समजतेस… ते सहन होईना गं."

"सहन होईना!" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्या शनिवारीही तुला सहन झालं नाही, आजही झालं नाही. दोन्ही वेळा तू स्वतःचंच बघितलंस, देवेश. माझी एक रिंग वाटेत हरवली, एवढंच माझ्याकडे उरलं होतं. तेवढं तरी माझ्याजवळ राहू द्यायचं होतंस."

"जया, ऐक—"

"तुझी गाडी सुटेल."

तो गेला. जयमालानं मान वर करून पाहिलं नाही. एसटी नाक्यावरून वळल्याचा आवाज आला आणि थांबला.

थोड्या वेळानं बाजार करून आलेली नवशी मावशी टोपली दाराशी ठेवून आत आली. पदराच्या गाठीतून तिनं चिठ्ठी काढली. तिच्या मुलाच्या कंपनीचा नंबर होता. जयमालानं तो फिरवून रिसीव्हर तिच्या हातात दिला. म्हातारी कान देऊन ऐकत राहिली. कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग काळजीनं म्हणाली, "कोन बोलतच नाय गं. तिकडं वाजतोय ना?"

"वाजतोय, मावशी," जयमाला म्हणाली. "नीट वाजतोय. उचलत नाहीयेत."