काटेसावरीखालचे समाधानी लोक

सकाळी फोन करायला उर्मिला ढेबे गावावरच्या टेकाडावर, टेपावर, चढली, तेव्हा दोन अनोळखी माणसं काटेसावरीभोवती खड्डे खणत होती. त्यातल्या एकानं तिला चपला लांब काढायला सांगितल्या.

"का बरं?"

"मनःशांतीचं ठिकाण आहे," तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट होते.

निवळशेत हे सह्याद्रीच्या माथ्यावरचं तीसेक उंबऱ्यांचं गाव. गावाला मोबाइलचा टॉवर मंजूर झाला होता. उर्मिला लग्न होऊन आली तेव्हाही तो मंजूरच होता. रेंज मिळायची ती फक्त टेपावर, या एका सावरीपाशी. म्हणून गावानं आपले फोन सावरीच्या काट्यांना टांगून टाकले होते. कुणाचा दुधाच्या पिशवीत, कुणाचा शाळेच्या मोज्यात, कुणाचा देवाच्या जुन्या झोळीत. पाठीवर सूर्यपट्टी असलेले नवे फोन आल्यापासून ते झाडावरच चार्ज होत, त्यामुळे त्यांना घरी नेण्याचं उरलंसुरलं कारणही संपलं होतं. रीत अशी होती, की फोन वाजला तर जवळून जाणाऱ्यानं उचलायचा, निरोप ऐकायचा आणि कड्यावर उभं राहून गावाकडे हाळी द्यायची. त्यामुळे गावात गुपित म्हणून काही टिकत नसे, पण निरोप कधी चुकत नसे.

झाड मात्र बसण्यालायक नव्हतं. बुंध्याला टेकलं तर पाठीत काटे, खाली बसलं तर नाकात कापूस. निवळशेतात आजवर त्याच्याखाली कुणीही दहा मिनिटं बसलेलं नव्हतं.

खणणाऱ्यांनी बाजूला ठेवलेला फलक उर्मिलेनं वाचला. 'जिल्ह्यातील सर्वोच्च मनःशांती-स्थळ. कृपया शांतता राखावी.' तेवढ्यात झाडावरचे तीन फोन एकदम वाजले. गमबूटवाल्यानं झाडाकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

ही भानगड कुठून आली असणार ते तिला ठाऊक होतं, आणि ती गावात तिनंच आणली होती.

हितनकाशा गावात आल्याला वर्षही झालं नव्हतं. कुठलं रान, कुठला ओढा, कुठली सावली नेमक्या कोणत्या माणसांच्या कामी येते, हे दाखवणारा जिवंत नकाशा. उपग्रह वरून झाडी मोजायचे, फोन खालून माणसं मोजायचे, आणि दोन्ही जुळवून जमिनीच्या तुकड्यातुकड्याला रंग दिला जायचा. हिरवा म्हणजे माणसांच्या हिताची जमीन. तिला हात लावायचा नाही. करडी म्हणजे निर्लाभ; ती दुसऱ्या कामाला मोकळी. दर पंधरवड्याला नकाशा स्वतःला ताजा करून घेई. उपसरपंच म्हणून उर्मिला ग्रामसभेत उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "रान आपलं आहे, पाणी आपलं आहे, तर नकाशावर पण आपलं दिसू दे." सगळ्यांनी फोनवर अंगठे टेकले होते. तिच्या सासऱ्यांनी, धाकलूमामांनी, दोनदा टेकला होता; पहिला पुसट उमटला असं त्यांचं म्हणणं होतं.

तिनं स्वतःचा फोन काट्यावरून काढला आणि तालुक्याला सोनटक्क्यांना लावला. हा नियोजन कार्यालयातला तरुण अधिकारी नोंदणीच्या वेळी गावात येऊन पोळी-पिठलं जेवून गेला होता.

"ताई, अभिनंदन," सोनटक्के म्हणाले. "तुमच्या टेपावरची माणसं रात्रंदिवस एका झाडाखाली असतात. हालचाल नाही, धावपळ नाही, भांडण नाही. अशी शांत माणसं एक तर मेलेली असतील, नाही तर तृप्त असतील. नकाशानं तृप्त धरलीत."

"साहेब, ती माणसं न्हाईत. फोन आहेत. आम्ही रेंजसाठी झाडाला टांगतो."



"मग माणसं कुठं असतात?"

"घळीत असतात, निवळीवर. आमचं सगळं पाणी तिथलं. धुणं, जनावरं, सगळं तिथंच."

"थांबा हं." बोटांची टकटक ऐकू आली. "निवळीची घळ. हां. करडी आहे."

निवळ म्हणजे घळीतला झरा. गावाचं नाव त्याच्यावरून पडलं होतं. कातळाच्या पोटातून मनगटाएवढी धार यायची, भर वैशाखातही.

"अहो, एवढी झाडी आहे तिथं. उपग्रहाला दिसत न्हाई?"

"झाडी दिसते ना. तिचा फायदा घेणारं कुणी दिसत नाही. लाभार्थी नाही तर लाभ नाही, असं सूत्र आहे." सोनटक्क्यांचा आवाज खाली आला. "ताई, घाटातल्या बोगद्याचा राडारोडा टाकायला जागा शोधतायत. घळ सोयीची आहे. खोल आहे, आणि नकाशाप्रमाणे तिथं कुणी जात नाही. पुढच्या ताज्या नकाशातही करडीच राहिली, तर डंपर सुरू होतील."

"तुम्ही येऊन बघा की. धार दाखवते तुम्हाला."

"पाहणी बंद केली आम्ही. पाहणीत माणसं चहा पितात, मग पक्षपात होतो. नकाशाला जे सांगायचं ते नकाशातूनच सांगावं लागतं."

उर्मिलेनं गावाकडे पाहिलं. खाली बायका डोक्यावर हंडे घेऊन घळीतून वर येत होत्या. त्या तिला स्पष्ट दिसत होत्या, आणि नकाशावर त्या सगळ्या या क्षणी इथं, तिच्या डोक्यावर, मोज्यांत आणि पिशव्यांत, तृप्त लोंबकळत होत्या.

घरी धाकलूमामा ओट्यावर बसून दावं वळत होते. तिनं सगळं सांगितलं.

"म्हंजी आपुन प्यालेलं पानी फोननं प्यायला पायजे," मामा म्हणाले.

"तसंच समजा."

"मग फोनला ने की पान्यावर. म्हशीला न्हेतो, तसं."

ती सुरुवातीला हसली, मग तिच्या लक्षात आलं की दुसरा उपायच नाही. घळीत रेंज नव्हती, पण फोन आपण कुठं कुठं गेलो ते लक्षात ठेवत आणि रेंजमध्ये आले की सगळं एकदम ओकून टाकत. संध्याकाळी देवळापुढं सगळे जमले, आणि ठरलं की नकाशा ताजा होईपर्यंत ज्यानं त्यानं आपला फोन पाण्यावर न्यायचा आणि शेवटच्या दिवशी सगळे परत सावरीला टांगायचे.

निवळशेतानं हे काम फारच मनावर घेतलं. एरवी दोन खेपा करणाऱ्या बायका पाच करू लागल्या. ज्यांना गुडघ्यांमुळे घळ उतरवत नव्हती, त्यांनी फोन शेजारणीकडे दिले. एकेका कंबरेला सात सात फोन दिसू लागले. गेनूनं आपला फोन रेड्याच्या गळ्यात बांधला आणि रेडा दिवसभर झऱ्याखालच्या डबक्यात बसून राहिला. उर्मिला कड्यावर उभी राहून हे बघायची आणि पुन्हा पुन्हा मनात हिशेब करायची, की हे पुरेल का. तिकडं टेपावर सावर मुकी झाली होती. बाहेरच्या जगानं निवळशेताला काय काय सांगितलं असेल ते गावाला कळत नव्हतं. गमबूटवाल्यानं तेवढ्यात कठडा पुरा केला, बाक बसवला आणि त्या शांततेला पाहून समाधानानं मान हलवून तो निघून गेला.

उर्मिलेचं जेवणात लक्ष नव्हतं. डंपरचा आवाज आल्यासारखा वाटून ती दोनदा ताटावरून उठली. दोन्ही वेळा शेजारची पिठाची गिरणी होती.

ठरल्या दिवशी फोन परत काट्यांवर चढले. एकेक फोन थरथरला, खणखणला, घळीतल्या सगळ्या खेपा त्यानं नकाशाला सांगून टाकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी गमबूटवाला परत आला, बाक उपटला, फलक काढला आणि टेम्पोत टाकला.

"काय झालं?" उर्मिलेनं विचारलं.

"शांतता संपली इथली," तो म्हणाला. "करडं झालंय."

तिला इतकं हलकं वाटलं, की तिनं त्याला बाक टेम्पोत चढवायला हात दिला. मग तिनं स्वतःच सावरीखाली, कापसात, नाक धरून बसून घेतलं. घळ वाचली होती.

तेवढ्यात टेपावर शेळ्या घेऊन आलेल्या धाकलूमामांनी वाजणारा एक फोन उचलला. मामांना हाळीची इतकी सवय, की सून दहा पावलांवर बसलेली असूनही ते कड्याकडे तोंड करून ओरडले, "उर्मिलेऽऽ, साहेब म्हनतोय अभिनंदनऽऽ."

तिनं फोन घेतला.

"ताई, कमाल केलीत," सोनटक्के म्हणत होते. "घळ हिरवी झाली. हिरवी कसली, काळपट हिरवी. एवढ्याशा जागेतून माणशी एवढा लाभ जिल्ह्यात दुसरीकडे कुठंही नाही. तुमची माणसं दिवसातून पाच पाच वेळा पाण्यावर जातात. एक गृहस्थ तर दिवसभर पाण्यातच असतात."

"तो रेडा आहे."

"असू दे, त्याचाही लाभच." सोनटक्क्यांनी घसा साफ केला. "आता एक आहे. सर्वोच्च लाभाची जागा निघाली, की नकाशा आपोआप लाभविस्तार सुचवतो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे एवढं मोठं हित शे-दीडशे माणसांतच अडकून पडतंय, असं नकाशाचं म्हणणं आहे. घाटाखाली नवी वसाहत होतेय ना, चाळीस हजारांची. धारेला पाइप लावून पाणी खाली नेलं, तर तेच हित कितीतरी जास्त माणसांना मिळेल. रेषा आखूनसुद्धा झालीय, निळी. मला आत्ताच दिसली."

"आणि आम्ही?"

"तुमचा पण विचार केलाय. तुम्हाला सावर परत देतो म्हणतायत. बाकासकट."

धाकलूमामा शेजारी उभे राहून ऐकत होते. त्यांनी एक शेळी उगाच हाकलली.

"साहेब," उर्मिला म्हणाली, "तुम्ही आमच्यात जेवून गेलायत. पाणी पण प्यायलात. खरं सांगा. कमी दिसलो तर दगड टाकणार. जास्त दिसलो तर पाइप टाकणार. मग दिसायचं तरी किती?"

सोनटक्के एकदम हळू बोलू लागले. कदाचित त्यांच्या टेबलाशेजारी कुणी बसलेलं असावं.

"मध्ये एक रंग असतो. पिवळा. पिवळ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. राडारोडाही नाही, पाइपही नाही. मी दोन वर्षं हे काम करतोय, पिवळ्याची फाइल कधी माझ्या टेबलावर आली नाही."

"पिवळ्याला किती माणसं लागतात?"

"ते मला माहीत नाही. कुणालाच नाही. नकाशा शिकत असतो, त्यामुळे ते बदलत राहतं. आणि हिरव्यातून एकदम पिवळ्यात आलात तर त्याला संशय येईल. हळूहळू उतरा. दुष्काळ उतरतो तसं." पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आणि ताई, हे मी बोललो नाही. मी पिठलंसुद्धा खाल्लं नव्हतं."

फोन बंद झाला.

सावरीवर गावाचे फोन वाऱ्यानं हलत होते. उर्मिला उठली. पदर खोचून तिनं एकेक फोन काढायला सुरुवात केली आणि ओच्यात टाकू लागली. शेवंताबाईंचा मोजा, गेनूची पिशवी, मास्तरांची झोळी. उद्या घळीत कुणाकुणाचे न्यायचे आणि कुणाचे झाडावर ठेवायचे, ते तिलाच ठरवायचं होतं. बाळंतिणीच्या घरी पाणी जास्त लागतं, म्हणून तिनं तो फोन ओच्यात टाकला. मग बाळंतीण नकाशाला फार हिताची वाटली तर, असं मनात येऊन परत टांगला. मग पुन्हा काढला. काटा बोटात घुसला, ते तिला नंतर रक्त दिसल्यावर कळलं.

"माझा?" धाकलूमामांनी विचारलं. त्यांचा फोन दुधाच्या पिशवीत सगळ्यात खालच्या काट्याला होता.

तिनं पिशवी काढली आणि हातात धरून उभी राहिली.

"मामंजी, तुमचा उद्या इथंच राहू दे का?"

"ऱ्हाऊ दे की." मामांनी पिशवी बोटानं हलवून पाहिली. "पर मग उद्या म्या पानी प्यालो, का न्हाई प्यालो?"

उर्मिलेनं खाली पाहिलं. घळीच्या तोंडाशी बायकांची रांग हंडे घेऊन उतरत होती, एकीमागून एक, एकीजवळही फोन नसलेली. कुठली बाई मोजायची आणि कुठली नाही, हे त्यांच्याकडे बघून कळण्यासारखं नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यावरचे हंडे सारखेच रिकामे होते. ओच्यातले फोन मात्र जड होत चालले होते, आणि तिला फक्त एकच गोष्ट ठरवायची होती: उद्या या गावात किती जणांना तहान लागू द्यायची?