टाळूवरचं तेल

आई कन्हानच्या घरी गॅसपाशी उभी राहून तेल कडवत होती. तिळाच्या तेलात ओवा, लसूण. घरभर उग्र वास. मला सातवा सरत होता. मी खुर्चीत पाय वर घेऊन वाचत बसले होते.

"आतापासून काहून, आई?"

"मुरलेलं बरं असते. तुह्या लेकराची टाळू मीच भरीन. दुसऱ्या कोणाले हात लावू देणार नाही, सांगून ठेवते."

"भर वं बाई," सत्यवतीआत्या दारातूनच म्हणाली. "पोराची भरली असती, तर तो असा राह्यला असता का?"

आईनं गॅस बारीक केला. मी पान उलटलं.

माझा भाऊ अश्विन सातव्या महिन्यात झाला होता. मेंदूत रक्तस्राव झाला. तो चालल्या-बोलल्याविनाच गेला. आईनं टाळू भरली नाही म्हणून, असं घरानं ठरवून टाकलं होतं. आईनंही.

दुसऱ्या सकाळी आई उठली नाही. माणसं राख सावडायला गेली असताना मला कळा सुरू झाल्या.

धंतोलीच्या हॉस्पिटलात मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. काचपेटीपाशी मी अश्विनचं सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "या मुलांच्या मेंदूतल्या नसा ओल्या कागदासारख्या असतात. श्वास अडला, संसर्ग झाला, रक्तदाब वरखाली झाला, की फुटतात. पहिले काही दिवस डोकं सरळ, हात कमीत कमी. तुमच्या भावाला कसं आणलं होतं?"

"उघड्या जीपमध्ये. थंडीत. वाटेत निळा पडला होता."

"मग झालंच ना कारण."

"टाळूत तेल नाही घातलं म्हणून..."

"तेलाचा काय संबंध?" ते पुढच्या पेटीकडे वळले. तीस वर्षांचा टोमणा तेवढ्यात संपला. ऐकायला आई नव्हती.

दुपारी सॅनिटायझरच्या वासातून ओव्याचा वास आला. मला वाटलं, माझ्याच कपड्यांना असेल.

दुसऱ्या दिवशी बाळाची टोपी मध्यभागी तेलकट होती.

"ताई, तेल काहून लावलं?" सोनिका सिस्टर चिडली. "इथं हात लावाचा नसते, सांगितलं ना? लेकराच्या जिवावर येईन."

"मी आत्ताच आले."

तिनं धर्मेंद्रकडे पाहिलं. माझा नवरा काचेबाहेरच उभा होता. "माह्याकडे काय पाहता? मले तर आत येऊ देत नाही तुम्ही."

सिस्टरनं टोपी बदलली. डोक्याची सोनोग्राफी झाली. रक्तस्राव नव्हता. अजून नव्हता, असं डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दुपारी सिस्टर औषध आणायला वळली. मी पेटीजवळ एकटी होते. पेटीत हात घालायच्या झडपा बंद होत्या.

टोपी सरकलेली होती. टाळूवर तेल चमकत होतं.

मग तिथं खळगा पडला. अंगठ्याएवढा.

खोल जाऊ लागला.

बाळाचे ओठ काळसर झाले. मॉनिटर वाजू लागला.

मी काचेला तोंड लावलं.

"आई, अश्विनचं तुझ्यामुळे नाही झालं. टाळूमुळे नाही. कधीच नव्हतं. आता हात काढ."

खळगा हळूहळू वर आला. मॉनिटर वाजायचा थांबला. बाळ गुलाबी झालं.

मी श्वास सोडला.

ओव्याचा वास माझ्या मागून आला. माझ्या डोक्यावर, बरोबर मध्ये, काहीतरी कोमट टेकलं आणि दाबू लागलं.