पुलापलीकडचा कंप

नेत्रशल्यविशारद डॉ. नीलोफर मुल्ला यांचा हात थरथरतो, असं चौकशी समितीने लिहून टाकलं होतं. एका दुपारी कृत्रिम दृष्टिपटल बसवताना प्रकाशसुई केसभर सरकली आणि एका शिक्षिकेचा डोळा गेला. शेकडो डोळे वाचवणाऱ्या बाईवर एका ओळीत शिक्का! आज तो कायम झाला, तर त्यांना पुन्हा कधी सुई हातात धरता येणार नव्हती.

कंपनतज्ज्ञ मृणाल वाघमारेला याची भयंकर चीड आली होती. तिने समितीला थेट शस्त्रक्रियागृहात बोलावलं, तेही एका अटीवर: स्वागतसमारंभ नको.

पडद्यावर तिचं संगणकीय प्रतिरूप होतं. हॉस्पिटल, शेजारचं कॉलेज आणि दोन्हींना वरच्या मजल्यावर जोडणारा नवा पूल.

"सर, तुमच्या अभियंत्यांनी दोन्ही इमारती वेगवेगळ्या तपासल्या. पुलाचं पलीकडचं टोक हलतच नाही, असं प्रत्येकाने धरून चाललं. पूल काय आभाळाला टांगलाय?"

अध्यक्ष भालेराव शांतपणे म्हणाले, "मॅडम, कॉलेजच्या वरच्या हॉलमध्ये रोज दुपारी मुलं लेझीम खेळतात. आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, ती खेळत असतानाच, तिथे मोजणी केली. फरशी जराही हलत नाही. जिथे नाचतात तिथेच कंप नाही, तर इथे कुठून येणार?"

"इथे येतो, म्हणूनच तिथे नाही. प्रत्येक इमारतीची हलण्याची स्वतःची लय असते. हॉस्पिटलची लय आणि लेझीमचा ठेका नेमका एकच आहे. पूल झाल्यापासून कॉलेज तो सगळा जोर इकडे ढकलतं आणि स्वतः निवांत उभं राहतं. तुमची ती मोजणी हाच माझा पुरावा."

"मोजणी इथेही केली होती. आम्ही आलो त्याच दुपारी. काही सापडलं नाही."

"त्या दुपारी तुमच्या स्वागताला फाटकावर कोण होतं?"

भालेरावांना आठवलं. लेझीमचं पथकच होतं. मुलांची पाठ त्यांनी स्वतः थोपटली होती.

"आज मुलं वर हॉलमध्येच आहेत," मृणाल म्हणाली. तिने प्रकाशसुई टेबलाला पक्की आवळली, नीलोफरसह सगळ्यांना मागे सरकायला लावलं आणि सूक्ष्मदर्शक चालू केला. पडद्यावर सुईचं टोक ठेक्यात थरथरत होतं. भालेरावांनी फोन करून लेझीम थांबवली. थोड्या वेळाने टोक स्थिर झालं.

"अहवालात दुरुस्ती करू," ते पुटपुटले. "तांत्रिक कारण, असं लिहू."

नीलोफरनी सुई सोडवून हातात घेतली आणि भिंगाखाली धरली. पडद्यावरचं टोक तसंच स्थिर राहिलं.

"हे बघून घ्या, सर. मग माझ्याबरोबर त्या शिक्षिकाबाईंकडे चला. तुमचा हात का हलला, असं त्यांनी मला विचारलं होतं. उत्तर आता तुम्ही द्यायचं."