सांगितलं तसंच

दार धाडकन उघडलं आणि धड्यातला राजा वाक्याच्या मध्येच अडकला.

तिनं मान वर केली. दारात एक उंच मुलगा उभा होता. केसांतून पाणी निथळत होतं आणि हातातली छत्री काही केल्या मिटत नव्हती.

"माफ करा... नाव नोंदवायचं ते इथंच का?"

तिनं रेकॉर्डिंग बंद केलं. आता सगळं पान पहिल्यापासून वाचणं आलं. बाहेर पाटी लावलीय, ती म्हणाली, रेकॉर्डिंग सुरू असताना आत येऊ नये म्हणून. चांगल्या ठळक अक्षरांत.

"असेल," तो म्हणाला. "मी पाट्या वाचत नाही. अंदाजानं जगतो."

खरं तर तिनं चिडायला हवं होतं. पण तो हे इतक्या सहज बोलला, वर स्वतःच हसला, की तिचा राग ओठांपर्यंत येऊन तिथंच विरघळला. तिनं त्याला पलीकडच्या खोलीत मॅडमकडे पाठवलं आणि पान पुन्हा वाचायला घेतलं. त्या पानावर ती आणखी दोनदा अडखळली. दार तर बंद होतं.

विद्यापीठाचा मदत कक्ष म्हणजे ग्रंथालयामागच्या तीन खोल्या आणि तो चालवणाऱ्या मॅडम. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचे हात साथ देत नाहीत, अशी मुलं तिथं यायची. कुणाला पुस्तकं आवाजात हवी असायची, कुणाला परीक्षेला लेखनिक, कुणाला नुसतं बसून चार गोष्टी बोलायला माणूस. ती वनस्पतिशास्त्र शिकत होती. सकाळी प्रयोगशाळेत नेच्यांची पानं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि दुपारी इथं येऊन दुसऱ्यांची पुस्तकं वाचायची. कक्षातली मुलं तिला 'रेडिओ' म्हणत.

त्याला डिस्लेक्सिया होता. अक्षरं दिसायची, पण ओळीतून अर्थ वर यायला इतका वेळ लागायचा की तोवर वर्ग पुढं निघून गेलेला असे. शाळेत त्याला आळशी म्हणाले, मग मठ्ठ म्हणाले. शेवटी वडिलांनी दादाच्या टायरच्या दुकानात बसवलं. तिथं काही वर्षं काढून, दादाशी भांडून तो इतिहास शिकायला आला होता. दोन वर्षं कसाबसा काठावर पास झाला आणि शेवटच्या वर्षी कुणीतरी त्याला मॅडमकडे पाठवलं. तपासण्या झाल्या. याला एक नाव आहे, तुमचा दोष नाही, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा तो हो-हो म्हणाला, आभार मानले आणि बाहेर जाऊन बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हे तिनं खिडकीतून पाहिलं होतं. पाहिलं, हे त्याला कधी सांगितलं नाही.

त्याची पुस्तकं वाचायचं काम तिच्याकडे आलं. ती वाचून रेकॉर्ड करायची, तो घरी ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन तो धडा तिलाच सांगायचा. खोलीभर येरझारा घालत, हातवारे करत, मधेच खुर्चीला सेनापती करत. पुस्तकात जी माणसं मेलेली होती ती त्याच्या तोंडून चालू-बोलू लागायची. तिला इतिहासाचा कंटाळा होता, लहानपणापासून. आता ती घरी भाजी चिरताना बंडखोर सरदारांचा विचार करायची.

"काय गं, हसतेस कुणाला?" आत्यानं एकदा विचारलं. ती आत्याकडे राहायची. आत्या शाळेचे गणवेश शिवायची. मशीनवरून मान न उचलता तिला सगळं दिसायचं.

"कुणाला नाही."

"बरं," आत्या म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

कक्षातली तिची मैत्रीण तर आत्याच्या वरताण. जन्मापासून अंध असलेली ही मुलगी अर्थशास्त्र शिकत होती आणि तिच्या जिभेला धार होती. एक दिवस तिनं चुकून इतिहासाचं रेकॉर्डिंग लावलं, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "माझं अर्थशास्त्र वाचताना तुला सर्दी झालेली असते. आणि इथं लढाईसुद्धा गुळात घोळून वाचलीयस."

तिनं विषय बदलला. कान मात्र तापले होते.

परीक्षा जवळ आली तसे मॅडमनी लेखनिक ठरवले; त्याच्यासाठी तिला. लेखनिक दुसऱ्या विषयाचा हवा, नात्यातला नको, जवळच्या मैत्रीतला नको. विद्यार्थी जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं. चुकलं तरी मान हलवायची नाही, बरोबर असलं तरी हसायचं नाही. मॅडमनी दोघांना समोर बसवून विचारलं, तुमचं एकमेकांशी काही नातं, काही मैत्री?

नाही, तो म्हणाला. नाही, ती म्हणाली. आणि दोघंही खोटं बोलत नव्हते. अजून तर काही झालंच नव्हतं... तरी खोलीबाहेर पडताना ते एकमेकांकडे पाहायचं टाळत होते.

परीक्षेसाठी त्यांना वेगळी खोली मिळाली. पर्यवेक्षक दारापाशी वर्तमानपत्र वाचत बसलेले. बाहेर अवकाळी पावसाची बारीक रिपरिप. ती प्रश्न वाचून दाखवायची. तो डोळे मिटायचा आणि मग संथपणे बोलू लागायचा. त्याची वाक्यं तिच्या हातातून कागदावर उतरायची. इतक्या जवळ ती कुणाच्या मनापाशी कधी बसली नव्हती. आणि एक शब्द स्वतःचा बोलायची मुभा नव्हती. तिची बोटं अवघडली की त्याला कसं कोण जाणे कळायचं. तो विचार करत असल्यासारखा थांबायचा, तिनं बोटं मोकळी केली की पुढं बोलायचा.

तिसऱ्या पेपरला ते घडलं. प्रश्न त्याच बंडावरचा होता, जे सांगताना त्यानं खुर्चीला सेनापती केलं होतं. तो बोलत होता: राजानं आधी कर माफ केला, आणि मग सरदारांनी बंड केलं...

उलटं. बंड आधी झालं होतं. तिनंच तर तो धडा वाचला होता.

तिचं पेन थांबलं.

क्षणभरच. पण त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे नाही, पेनाकडे पाहिलं. चूक त्याला कळली, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. आता तो सुधारेल म्हणून तिनं श्वास रोखला.

"लिहा," तो हळूच म्हणाला. "सांगितलं तसंच."

तिनं लिहिलं. पुढचं सगळं उत्तर त्यानं त्या चुकीवरच उभं केलं, एक एक वाक्य, शांतपणे. तिला अक्षरं धूसर दिसत होती.

पेपर संपल्यावर व्हरांड्यात तो तिच्यासाठी थांबला होता. पागोळ्या गळत होत्या.

"दादा मला काय म्हणतो माहितीये?" तो म्हणाला. "डिग्री तुला मिळणार की लिहिणारीला? थट्टेतच म्हणतो. पण ते टोचतं. ते उत्तर तुमच्या पेनानं सांगितलं मला. माझं नव्हतं ते."

"मी मुद्दाम नाही..."

"माहितीये." तो पागोळ्यांकडे पाहत राहिला. "दुसऱ्या कुणासाठी लिहीत असता, तर थांबलं असतं पेन?"

तिला उत्तर ठाऊक होतं. तिनं पेनाचं टोपण घट्ट लावलं. तो छत्री न उघडताच पावसात निघून गेला.

ती तशीच मॅडमकडे गेली. घडलं ते सगळं सांगितलं आणि उरलेल्या पेपरांना मला बदला, म्हणाली. मॅडमनी भांडण झालं का विचारलं.

"भांडण नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत, काही मैत्री आहे का... आज विचारलंत तर मला नाही म्हणता यायचं नाही."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. परीक्षा विभागाला कळवलं पाहिजे, एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी कळवलं. उत्तर पहिल्यांदा सांगितलं तसंच लिहिलेलं होतं, म्हणून पेपर ग्राह्य धरला गेला. तिला मात्र त्या वर्षापुरतं लेखनिकाचं काम बंद झालं. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा आवाज कडक होता, पण समोर चहा ठेवलेला होता.

पुढच्या पेपरांना भूगोलाचा एक मुलगा बसला, सतत नाक ओढणारा. त्या वेळात ती मुद्दाम प्रयोगशाळेत राहायची. कुणी बोट ठेवायला नको, त्याच्या मार्कांवर तर मुळीच नको. सूक्ष्मदर्शकाखाली नेच्याचं पान असायचं आणि तिला दिसायचे मिटलेले डोळे. एकदा ग्रंथालयाच्या जिन्यात दोघं समोरासमोर आले. तो वरून, ती खालून. त्यानं बाजूला होऊन वाट दिली. तिनं मान खाली घातली. बाहीला बाही लागली, इतकंच. त्या दिवशी आत्यानं विचारलं, जेवत का नाहीस? ती म्हणाली, भूक नाही. आत्यानं ताट झाकून ठेवलं.

परीक्षा संपली. आता तरी येईल, असं तिला वाटलं. तो आला नाही. सुट्टी गेली. दाराबाहेर पावलं वाजली की ती वाचता वाचता थबकायची, आणि मैत्रीण म्हणायची, "तो नाही. चपला वेगळ्या आहेत. वाच पुढं."

निकाल लागला. तो चांगला पास झाला, पण पहिला वर्ग थोडक्यात हुकला होता. कुठल्या पेपरानं, हे तिला विचारायची गरज पडली नाही.

आणि निकालानंतर एका दुपारी कक्षाच्या दारावर टकटक झाली. हळूच, दोनदा. पाठीवर मोठी सॅक, हातात तीच हट्टी छत्री.

मैत्रीण उठली, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली, मला कॉफी प्यायचीय असं मोठ्यानं म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

"पहिला वर्ग गेला," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी तोंडातून हेच निघालं.

"गेला. पण जे आहे ते माझं आहे. दादा दुकानात ते पेढ्यासारखं वाटत सुटलाय सगळ्यांना, जो टायर बदलायला येईल त्याला सांगतो." तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. गाडी आज संध्याकाळीच होती.

तिनं पुस्तक उगाच बंद केलं, पुन्हा उघडलं. "तिथं वाचून कोण दाखवणार?"

"तिथंही कक्ष आहे. कुणीतरी असेल."

"आणि लिहायला?"

"तेही असेल कुणीतरी." तो बोलता बोलता थांबला. या वेळी विचार करत असल्याचं नाटक नव्हतं. "निकाल लागेपर्यंत मुद्दाम आलो नाही. लोकांना बोलायला जागा नको होती. रोज तुझी रेकॉर्डिंगं ऐकायचो. अभ्यास संपला होता तरी... वाचायला, लिहायला माणसं मिळतील गं. तू मला त्यासाठी नकोच आहेस."

त्यानं पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं.

"मग कशासाठी?"

"नुसती. समोर बसायला. मी चुकलो की चुकलास म्हणायला."

"चुकलास," ती म्हणाली. डोळे भरले होते आणि ती हसत होती. "खूप आधी यायला हवं होतंस."

त्यानं हात पुढं केला. तिनं आपली बोटं त्यात ठेवली. शाईचा डाग होता एका बोटाला. तो डाग त्यानं अंगठ्यानं पुसायचा प्रयत्न केला, बराच वेळ, अगदी मन लावून. डाग निघाला नाही आणि हातही सुटला नाही.

संध्याकाळी ती त्याला सोडायला बसस्थानकावर गेली. तिचं अजून एक वर्ष इथं होतं, त्याची तिथं दोन. पुढचं पुढं, असं दोघंही म्हणाले आणि दोघांनाही ते पटलं नाही. बस सुटली. काचेवर पाणी असल्यामुळे त्याचा चेहरा नीट दिसलाही नाही. ती वळली, चार पावलं चालली, आणि फोन वाजला.

"पोचलास?" तिनं विचारलं. आवाज सावरायला दुसरं काही सुचेना.

"कुठला! चौकात आहे. सिग्नल लागलाय."

"मग फोन कशाला केलास?"

"राहवलं नाही."

तिनं मागं वळून पाहिलं. रस्त्याच्या टोकाला बसचे लाल दिवे पावसात थांबलेले दिसत होते. ती फोन कानाशी धरून उभी राहिली. सिग्नल सुटला, बस वळून दिसेनाशी झाली, तरी फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.